एकच घर, चार कुत्रे आणि चार तऱ्हा (नाशिककरांनो, तुमच्याकडचेही सांगा)

मखमलाबादची

नमस्कार मंडळी. एकापेक्षा जास्त कुत्री घरात असलेले इथे किती जण आहेत? मला तुमच्याकडच्यांचे स्वभाव ऐकायचेत, कारण मागे आमच्याकडे आलेले एक पाहुणे सहज म्हणून गेले की कुत्रा तो कुत्राच, सगळे सारखेच, आणि ते मला काही केल्या पटत नाहीये. आमच्याकडे चार आहेत. एकाच अंगणात, एकाच हातचं खाऊन वाढलेत, पण एकाची गोष्ट दुसऱ्याला लागू पडेल तर शपथ.

आमचं घर मखमलाबादच्या पुढे, मळ्यातच, एकत्र कुटुंब, सासूबाई, दीर-जाऊ, मुलं, सगळे.

सगळ्यात मोठा खंड्या. गावठी, तांबूस, एक कान मोडका. फाटक हे त्याचं. घरातल्या प्रत्येकाच्या गाडीचा आवाज ओळखतो, दिरांची बुलेट कॉर्नरवर वळली की शेपूट सुरू, आणि तशीच दुसऱ्या कोणाची बुलेट आली तर गुरगुर. अनोळखी माणसाने डोक्यावरून हात फिरवलेला त्याला आवडत नाही, चावत नाही पण मान काढून घेतो आणि चार पावलं लांब जाऊन उभा राहतो. घरच्यांच्यातही फक्त सासूबाईंच्या पायाशी बसतो. प्रेम नाही असं नाही, पण त्याचं प्रेम राखणीतून दिसतं, रात्री तीन वाजता उठून बघा, हा घराभोवती चक्कर मारत असतो.

दुसरा लाडू, लॅब्रॅडोर, नावाप्रमाणेच. त्याचं सगळं जग खाण्याभोवती फिरतं. पूर्वी लोक म्हणायचे तुम्ही लाडावून ठेवलाय, पण केंब्रिजच्या लोकांनी २०१६ मध्ये दाखवून दिलंय की जवळजवळ एक चतुर्थांश लॅब्रॅडोरमध्ये पीओएमसी नावाच्या जनुकाचा एक तुकडाच गायब असतो आणि अशा कुत्र्यांचा जीव खाण्यात जास्त असतो, वजनही जास्त भरतं. आमच्याची कोणी तपासणी केलेली नाही, पण ते वाचल्यापासून मी त्याला 'हावरट' म्हणणं बंद केलंय आणि घरात कोणाला म्हणूही देत नाही. मोजून देते, आणि डबा वरच्या फळीवर.

तिसरी राणी, कारवानी, म्हणजे शिकारी कुत्र्यांची आपल्याकडची जात. लातूरकडून आणलेली. लांब पाय, निमुळतं तोंड, आणि तिला कोणाची पडलेली नसते, म्हणजे तसं वाटतं. बॉल टाकला तर बॉलकडे बघते, मग आपल्याकडे बघते, आणि गच्चीत निघून जाते. पण बांधावरून ससा किंवा मुंगूस गेलं की जी सुटते, डोळ्याला दिसतच नाही. मुलांना वाटायचं ही प्रेमळ नाही. मग धाकट्याला डेंग्यू झाला तेव्हा ही बया पलंगाच्या पायथ्याशी जी येऊन बसली ती तो बरा होईपर्यंत हलली नाही, आणि बरा झाल्यावर परत गच्चीवर.

चौथी चिंगी. लोक पॉमेरियन म्हणतात, पण आपल्याकडे त्या नावाने जी पांढरी कुत्री मिळतात ती बहुतेक इंडियन स्पिट्झ असतात, तशीच ही. वयाने म्हातारी, वजनाने मांजराएवढी आणि घरावर राज्य तिचं.

एक दृश्य सांगते म्हणजे कळेल. दुपारी लाडूचं ताट लावलं की चिंगी, जिला स्वतःला भूक नसते, ती येऊन ताटाच्या पुढ्यात आडवी पडते. गुरगुरत नाही, दात दाखवत नाही, फक्त पडते. लाडू, पस्तीस किलोचा गडी, दोन हात अंतरावर थांबतो. तोंड बाजूला फिरवतो. जीभ नाकावरून फिरवतो. एक पाय उचलून परत ठेवतो. मग अंग तिरकं करून बसतो, तिच्याकडे न बघता, आणि तोंडातून लाळेची तार खाली. चिंगी डोळे किलकिले करून हे सगळं बघत असते. मग ती एक मोठी जांभई देते, उठते, अंग झाडते आणि निघून जाते. त्या अंग झाडण्यानंतरच लाडू ताटात तोंड घालतो. मी आता दोघांची ताटं वेगवेगळ्या खोल्यांत लावते, कारण लाडूला ते सोसत असलं तरी सुखाने जेवायचा हक्क त्यालाही आहे.

आणि दिवाळी! फाटकावरचा वाघ खंड्या पहिला सुतळी बॉम्ब वाजला की देवघरात दिवाणाखाली. राणी येरझाऱ्या घालते. चिंगीला आता कमी ऐकू येतं, ती घोरते. लाडू चकलीच्या डब्याजवळ. आता यात धीट कोण आणि भित्रा कोण, सांगा!

माझं ठाम मत झालंय की चौघांना सारखं वागवायला गेलं की कोणा ना कोणावर अन्याय होतोच. खंड्याला उचलून कुरवाळणं हा त्याला त्रास आहे आणि लाडूला ते न करणं हा त्याला त्रास आहे. तुमचं काय मत?

सातपूर_कॉलनी

ताई छान लिहिलंय. पण मला वाटतं तुम्ही जरा जास्तच लाड करताय. कुत्रा म्हणजे शेवटी लांडग्याची जात, कळपात एक आल्फा, म्हणजे सगळ्यांवर हुकूम चालवणारा म्होरक्या, लागतोच. चिंगी आल्फा झालीय कारण घरात माणसांपैकी कोणी झालं नाही. मालकाने आधी जेवायचं, दारातून आधी आपण जायचं, गुरगुरला की पाठीवर पाडून धरायचं. माझ्या जर्मन शेफर्डला मी असंच वळण लावलंय.

गोदाकाठचा_पक्षीवाला

सातपूरवाले दादा, राग मानू नका पण हे आल्फा प्रकरण जिथून आलं तिथेच ते मोडीत निघालंय. १९४७ मध्ये रुडॉल्फ शेंकेल नावाच्या शास्त्रज्ञाने प्राणिसंग्रहालयात एकत्र कोंडलेल्या लांडग्यांचा अभ्यास केला, त्यांच्यात मारामाऱ्या व्हायच्या, त्यावरून ही कल्पना निघाली. पुढे डेव्हिड मीच यांनी १९७० च्या पुस्तकात ती उचलली आणि जगभर पसरली. पण याच मीच यांनी नंतर कॅनडात मोकळ्या लांडग्यांना वर्षानुवर्षं पाहिलं आणि १९९९ मध्ये लिहिलं की रानातला कळप म्हणजे साधं कुटुंब असतं, आई-बाप आणि त्यांची पिल्लं, पुढे कोण चालतं तर आई-बाप, यात जिंकणं-हरणं कुठे आलं? स्वतःचंच पुस्तक छापणं थांबवा म्हणून ते प्रकाशकाच्या मागे लागले होते. आणि कुत्रा म्हणजे लांडगा नव्हेच, हजारो वर्षं माणसाच्या चुलीपाशी काढलीत त्याने.

पाठीवर पाडून धरणं तर कृपया कोणी करू नका. घाबरलेला कुत्रा आपल्या तोंडापाशी असतो त्या वेळी.

सातपूर_कॉलनी

बरं, पुस्तकातलं राहू द्या. माझा कुत्रा ऐकतो हे खरं आहे ना? शेफर्ड आहे, ऐकण्यासाठीच बनवलेली जात. स्वभाव जातीवर जातो, ताईंची कारवानी पळणारच आणि लॅब खाणारच.

पंचवटीतली_अनू

जातीवर जातो तर माझ्या दोघींचं काय? एकाच वेतातल्या सख्ख्या बहिणी, तपोवनाकडे एका टपरीच्या मागे सापडल्या, दोघींना एकाच दिवशी घरी आणलं. मोठी (म्हणजे आकाराने) पुरी कोणाच्याही गळ्यात पडते, वॉचमन, कुरिअरवाला, लिफ्टमधल्या काकू. दुसरी शेव, तिला अजूनही हेल्मेट घातलेला माणूस दिसला की पायात शेपूट. रंगपंचमीला आमच्या भागात रहाडी (रंग खेळायचे जुने हौद) उघडतात तेव्हा रस्त्याने ढोल आणि ओलेचिंब लोक, त्या दिवशी पुरी बाल्कनीतून सगळ्यांना शेपूट हलवते आणि शेव बाथरूममध्ये बादलीमागे. आई तीच, बाप... बाप वेगवेगळा असू शकतो म्हणे एकाच वेतात पण दिसायला तर दोघी डिट्टो सारख्या आहेत.

फरक एकच की शेव आम्हाला मिळाली तेव्हा पायाला जखम होती आणि पहिले काही आठवडे ती पिंजऱ्यातच होती. डॉक्टर म्हणाले पिल्लाचं तीन आठवड्यांपासून साधारण बारा-चौदा आठवड्यांपर्यंतचं वय फार नाजूक, तेव्हा जे बघितलं ते आपलं, जे नाही बघितलं त्याची भीती. तीच सगळी मेख आहे का माहीत नाही, पण मला पटलं. आता तिला मी जबरदस्तीने बाहेर नेत नाही. पुरीला गोदा पार्कला पळायला नेते आणि शेवला पहाटे, गर्दी नसताना, बिल्डिंगच्या मागच्या गल्लीत.

गोदाकाठचा_पक्षीवाला

अनू, अगदी बरोबर. जातीचं म्हणाल तर २०२२ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात मोठा अभ्यास आला होता. अठरा हजारांच्या वर कुत्र्यांच्या मालकांकडून प्रश्नावली भरून घेतली आणि दोन हजारांवर कुत्र्यांचे जनुक तपासले. एकेका कुत्र्याच्या वागण्यात जो फरक असतो त्यातला सरासरी ९ टक्केच जातीने सांगता येतो असं निघालं. दादांची बाजूही त्यात आहे बरं का, सांगितलेलं ऐकण्याची वृत्ती जातीशी त्यातल्या त्यात जास्त जुळते, म्हणजे शेफर्ड ऐकतो यात तथ्य आहे. पण कुत्रा किती पटकन भडकतो याचा जातीशी संबंध अगदी थोडा निघाला. त्यामुळे 'अमुक जात म्हणजे चावरी' हे बोलताना विचार करावा.

सातपूर_कॉलनी

९ टक्के? हे नवीन आहे मला. वाचतो.

निफाडचा_बागाईतदार

माई, धागा आवडला. आमच्याकडे शेतावर पाच आहेत, पण मला स्वभावापेक्षा एक काळजीची गोष्ट आधी सांगायचीये कारण तुमच्या त्या लाडूसारखा एक माझ्याकडेही आहे. द्राक्षं! आपल्याकडे जानेवारी ते एप्रिल खाली गळालेले मणी पडलेले असतात आणि असला खादाड कुत्रा ते चरत बसतो. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याच्या किडन्या निकामी करू शकतात. किती खाल्ले तर चालतात असा काही आकडाच नाही, एखाद्याला ओंजळभर खाऊन काही होत नाही आणि एखादा थोड्यात जातो. अलीकडे डॉक्टर लोक त्यातल्या टार्टारिक अॅसिडवर बोट ठेवतात. खाल्लं असं नुसतं वाटलं तरी उलटी व्हायची वाट बघू नका, लगेच डॉक्टर गाठा, कारण किडनीचं दिसायला एक ते तीन दिवस लागतात आणि तोवर उशीर होतो.

दुसरा कांदा. कच्चा काय शिजलेला काय, लसूणही, रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. आपल्याकडे उरलेली मिसळीची तर्री भाकरीवर घालून कुत्र्याला देतात ना, ते बंद करा. आपल्या जिल्ह्याची दोन मोठी पिकं आणि दोन्ही कुत्र्याला विष, म्हणून प्रत्येक शेतकऱ्याला हे माहीत पाहिजे. माझ्या पाचांतले चौघे द्राक्षाला तोंड लावत नाहीत, पाचवा लावतो, म्हणून माल काढणीला आला की तो पाचवा घरी आणि बाकीचे बागेत. हाही स्वभावाचाच भाग झाला.

मखमलाबादची

दादा, फार महत्त्वाचं लिहिलंत. आमच्याकडे काढणीच्या वेळी लाडूला जाळीचं मुसकं घालून नेतात, पाणी पिता येतं त्यातून पण मणी उचलता येत नाही. कांदाचाळीकडे तर तो फिरकतच नाही, वास आवडत नाही बहुतेक.

बिबट्याचं काय करता तुम्ही?

निफाडचा_बागाईतदार

संध्याकाळी सातच्या आत पाचही पत्र्याच्या बंद खोलीत. पूर्वी मोकळे असायचे, उसाच्या फडाकडून बिबट्या यायचा. शेजारच्या अकोले तालुक्यात अभ्यास झालाय, तिथल्या बिबट्याच्या खाण्यात वजनाच्या हिशोबाने ३९ टक्के कुत्रीच निघाली होती. म्हणजे शेळीपेक्षा कुत्रा जास्त. लोक म्हणतात धीट कुत्रा राखण करेल, पण धीट कुत्राच आधी जातो, कारण तो अंधारात पुढे धावतो. आमचा वाघ्या तसाच गेला. भित्रा होता तो मोती, पायरी सोडायचाच नाही, तो म्हातारा होऊन गेला. त्यामुळे तुमच्या खंड्याला रात्री तीनला घराभोवती चक्कर मारू देताय ते वाचून पोटात गोळा आला, खरं सांगतो.

मखमलाबादची

दादा, आमच्या घराला दगडी कंपाउंड आहे आणि वर तारेची जाळी, तो कंपाउंडच्या आतच असतो. पण तुम्ही म्हणताय त्यावर आज रात्रीच घरात बोलते. त्याला आत घेतलं तर तो रात्रभर दार खरवडतो हाच प्रश्न आहे, त्याला वाटतं ड्युटी सुटली.

निफाडचा_बागाईतदार

व्हरांड्याला ग्रिल असेल तर तिथे झोपवा, फाटक दिसेल असं. त्याला बघायला मिळालं की खरवडणार नाही. आमच्या काळ्याला असंच केलं.

दवाखान्यातली_ताई

मी जनावरांच्या दवाखान्यात मदतनीस म्हणून काम करते, इंदिरानगरला. एक सांगू का, स्वभाव स्वभाव म्हणता म्हणता आजार सुटून जातो बऱ्याचदा. 'आमचा एकदम चिडका झाला', 'आता म्हातारपणी तुसडा झालाय' असं म्हणत लोक आणतात आणि बघावं तर कानात पू, दाढ किडलेली, कंबर धरलेली. हात लावला की दुखतं म्हणून गुरगुरतो, त्याचा स्वभाव बिचाऱ्याचा होता तसाच असतो. खेळकर कुत्रा अचानक कोपऱ्यात बसायला लागला की गोचीडताप बघून घ्यायचा, एक साधी रक्ततपासणी असते, प्लेटलेट कमी आल्या की पुढचं कळतं. पावसाळ्यात आणि पावसाळ्यानंतर तर आमच्याकडे रांग असते.

म्हणून ज्याच्या घरी जास्त कुत्री आहेत त्याने प्रत्येकाचं नेहमीचं वागणं नीट माहीत करून ठेवावं. तुमची राणी गच्चीवर एकटी बसली तर ते नेहमीचं, लाडू एकटा बसला तर त्याला घेऊन या. आणि माई, चिंगीला एकदा दात आणि डोळे दाखवा. म्हातारी कुत्री ताटापुढे पडते तेव्हा कधी कधी तिला चावता येत नसतं म्हणून स्वतःचं सोडून दुसऱ्याचं राखत बसते, असंही पाहिलंय.

मखमलाबादची

अगं बाई, हे डोक्यातच आलं नव्हतं. ती कडक बिस्किट हल्ली बाजूला ठेवते खरी. या आठवड्यात नेते.

जुने_नाशिक_काका

सगळ्यांचं वाचलं, फार बरं वाटलं. दत्त महाराजांच्या तसबिरीत चार कुत्री असतात, चार वेद म्हणतात त्यांना. आमच्या वाड्यात ती मोठी तसबीर होती, लहानपणी मी तासन् तास बघत बसायचो. एक वर महाराजांच्या तोंडाकडे बघतोय, एक पायाशी, एक भलतीकडेच. चित्रकाराच्या घरी कुत्री असणार नक्की. खंडोबाबरोबरही कुत्रा असतोच. आपल्या लोकांनी या प्राण्याला देवाशेजारी जागा दिली, घरात मात्र 'हाड' म्हणून हाकलतात याचं वाईट वाटतं.

आमच्याकडे आता दोनच. तिसरी होती, गौरी, मागच्या वर्षी गेली. ती होती तोवर धाकटा बंड्या मुका होता म्हटलं तरी चालेल, भुंकायचा नाही, पुढे यायचा नाही, आम्ही म्हणायचो गरीब आहे. गौरी गेल्यावर पहिले काही दिवस तो तिच्या पोत्यावर झोपला, जेवला नाही धड. आणि मग हळूहळू तो दाराशी यायला लागला, बेल वाजली की भुंकायला लागला, अगदी गौरीसारखा दोनदा भुंकून थांबायचा. सौ. म्हणाली याला हे सगळं येत होतं, जागा नव्हती फक्त. मला वाटतं कुत्र्याचा स्वभाव त्याच्या एकट्याचा नसतो, शेजारी कोण आहे त्यावरही ठरतो.

पंचवटीतली_अनू

काका, डोळ्यात पाणी आलं.

मखमलाबादची

काका, तुमचा शेवटचा मुद्दा मला फार पटला. लाडू आमच्याकडे आला त्या आधी चिंगी इतकी दादागिरी करायची नाही. आणि राणी एकटी असताना सासूबाईंच्या मांडीवर डोकं ठेवते, खंड्या आला की उठून जाते, ती सासूबाईंची मांडी त्याची हे तिने मान्य केलंय.

सिडको_२बीएचके

मला एक सल्ला हवाय. आमच्याकडे एक सहा वर्षांची गावठी कुत्री आहे, तापट म्हणता येईल अशी, आणि मुलीला आता पिल्लू हवंय. मादी घेऊ की नर? आणि घरी आणायचं कसं? फ्लॅट आहे, जागा कमी.

दवाखान्यातली_ताई

नर घ्या. घरातल्या घरात जुंपण्याच्या ज्या केसेस आमच्याकडे टाके घालायला येतात त्यात दोन माद्याच जास्त असतात, आणि त्या विसरत नाहीत. दोघांची नसबंदी वेळेवर करा. पिल्लाचे डोस पूर्ण होईपर्यंत बाहेर कुत्र्यांमध्ये नेऊ नका, आणि मोठीचं रेबीजचं इंजेक्शन चुकलेलं नाही ना ते बघा.

मखमलाबदची नव्हे, मखमलाबादचीच :)

(सासूबाईंच्या फोनवरून लिहितेय, नाव वेगळं दिसेल.) भेट घरात घालून देऊ नका. पिल्लू कडेवर असताना सोसायटीच्या आवारात, मोठी पट्ट्यात, दोघांमध्ये बरंच अंतर. तिने मान फिरवली, जमीन हुंगायला लागली तर चांगलं चाललंय. शरीर ताठ, तोंड मिटलेलं आणि टक लावून बघणं सुरू झालं तर तिथेच थांबा, दुसऱ्या दिवशी परत. घरात आल्यावर बेबी गेट लावा, मोठीला पिल्लू पोचणार नाही अशी एक जागा हवीच, पलंग, सोफा, काहीही. ताटं वेगळी, खेळणी पहिले काही आठवडे उचलून ठेवा. आणि मोठी पिल्लावर गुरगुरली तर तिला रागावू नका. गुरगुरणं म्हणजे ती 'लांब हो' सांगतेय, ते बंद केलं तर पुढच्या वेळी न सांगता चावेल. पिल्लाला उचला, तिला नाही.

सिडको_२बीएचके

थँक्यू ताई. आणि ती मुळातच तापट असेल तर?

मखमलाबादची

कशावर तापते ते आधी लिहून काढा. खाण्यावर, झोपेत हात लावल्यावर, की तुमच्या मिस्टरांजवळ कोणी आल्यावर? तिन्हींचा उपाय वेगळा. खाण्यावर तापत असेल तर ते सोपं आहे, दार लावून जेवू घाला. माणसावर तापत असेल तर पिल्लू आणायच्या आधी त्यावर काम करा, आणि वर्षभर थांबावं लागलं तर मुलीला समजावून थांबा. इथे परत येऊन लिहा, बघू आपण.

सातपूर_कॉलनी

ताई, माझा शेफर्ड झोपेत हात लावला की गुरगुरतो. मी आजपर्यंत त्याला त्यावरून दामटत आलोय. साडेआठ वर्षांचा आहे.

दवाखान्यातली_ताई

दादा, साडेआठचा शेफर्ड म्हणजे कंबरेचा एक्सरे आधी काढा. या जातीत खुब्याचा त्रास फार. उठताना मागचे पाय ओढतो का, जिने चढायला कुरकुरतो का, ते बघून ठेवा आणि जमलं तर मोबाईलवर चालतानाचा व्हिडिओ काढून डॉक्टरांना दाखवा, दवाखान्यात आल्यावर घाबरून नीट चालून दाखवत नाहीत ते. तोवर झोपेत हात लावू नका, लांबून नावाने हाक मारून उठवा.

सातपूर_कॉलनी

जिन्याला थांबतो. उद्या सकाळीच नेतो.